मेंढ्यांचा हौद

माझ्या मुलीला कुणी हात लावलेला चालत नसे. कुणी म्हणजे मीसुद्धा. अंगावर पीत होती तोवर काय ती माझ्याजवळ राहिली, तीही डोळे घट्ट मिटून. नंतर उचलून घ्यायला गेलं की पाठीची कमान करायची, किंचाळायची आणि तोंडाशी येईल ते चावायची. माझ्या डाव्या मनगटावर तिच्या दातांचा व्रण अजून आहे. केस विंचरू देत नसे म्हणून डोकं बारीक कातरलेलं असायचं, तेही ती झोपेत असताना, सासऱ्यांनी मेंढरांच्या कातरीनं. सकाळी फ्रॉक घालायचा म्हणजे आम्ही दोघी घामाघूम. बोलत तर ती नव्हतीच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गावातली सगळी शेंबडी पोरं माझ्या पदराला हात पुसायची आणि घरचं एकुलतं एक मूल मला शिवू देत नव्हतं. लोकांना यात मजा वाटायची. ‘बाई जगाची पोरं शिकवत्यात, आन् घरचं मातूर कोरं ऱ्हायलं,’ असं नळावर बोललं जायचं, तेही मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मी काही गरीब गाय नव्हे. मीही चार शब्द ऐकवून यायची. घरी आल्यावर मात्र त्या चार शब्दांचा काही उपयोग नसायचा.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्याही पुढे, पार टोकाला. सासऱ्यांना अख्खं घर आबा म्हणायचं. निम्मं आयुष्य त्यांनी कळपामागं चालण्यात घालवलं होतं, दिवाळीनंतर खाली कोकणात आणि पावसाच्या तोंडावर परत. माझ्या लग्नाच्या सुमाराला त्यांनी मेंढरं विकली आणि भावांबरोबर विहीर पाडून कांदा-ज्वारी करू लागले. नवरा कुरकुंभच्या एका कंपनीत लागला होता, दौंडला खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. येताना लेकीसाठी खाऊ आणायचा आणि तो उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवायचा, कारण हातातून दिलेलं ती घेत नसे. मग लांब जाऊन बसायचा. ती येऊन खाऊ उचलायची तेव्हा तो दुसरीकडेच बघत असायचा.

डॉक्टर झाले. एक म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात. दुसरे म्हणाले, कान तपासा. कान ठणठणीत निघाले. सासूबाई म्हणाल्या, हिला पाण्यातल्या आसरांनी धरलंय. मग लांब नदीच्या डोहावर जाऊन हिरवा चुडा आणि दहीभात वाहून झाला. मी शिकलेली होते, तरी वाहिला. पोटचं पोर असं असलं की माणूस सगळीकडे डोकं टेकवून येतं. शेवटी पुण्याला मोठ्या दवाखान्यात ऑटिझम हा शब्द ऐकला. पुढे मराठीत त्याला स्वमग्नता म्हणू लागले. मला तो शब्द आजही पटत नाही. मग्न असलेलं माणूस सुखात असतं. माझी लेक सुखात नव्हती. तिला उजेड टोचायचा, कुकरची शिट्टी टोचायची आणि आईचा हात तर सगळ्यात जास्त टोचायचा.

त्याच दवाखान्यातून एका ताईचं नाव कळलं. ती अशा मुलांना पोहण्याच्या तलावात घेऊन उतरायची. पोहणं शिकवायला नव्हे, नुसतं पाण्यात ठेवायला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता हेच राहिलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे दोन हंडे पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, आणि मी एसटीचे धक्के खात पोरीला पुण्याला भिजवायला आणायची! ताईला भेटल्यावर मी हेच तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘माणसाचा हात अंगाला एकाच जागी लागतो. तो तिला भाजल्यासारखा होतो. पाणी सगळीकडून सारखं धरतं. एकदा बघा तर.’

पहिल्या खेपांना मी काहीच बघितलं नाही. वर पत्र्याचं छप्पर, त्यावर आवाज आपटायचा आणि माझी लेक कान दाबून काठावर लोळायची. एका खेपेला तलाव रिकामा होता. ती पायऱ्यांवरून आपसूक खाली गेली आणि गळ्याइतक्या पाण्यात एका पायरीवर बसली. तोंड मिटलेलं, हात पाण्यात सैल सोडलेले. तिचे सैल हात मी जागेपणी कधी पाहिलेच नव्हते. ताईनं मला खूण केली, मागून जा, हात पाण्याखालीच ठेवा. मी पंजाबी ड्रेस घालून उतरले होते, तो फुगून वर आला होता, ध्यान दिसत असणार. मी पाण्याखालून तिच्या काखेत हात घातले. ती किंचाळली नाही. थोड्या वेळानं मागं रेलली आणि तिचं कातरलेलं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

मला रडू फुटलं. ताई म्हणाली, ‘आवाज नको, बाई. रडा, पण आवाज नको.’ मग मी तोंड दाबून रडले. सहा वर्षांच्या माझ्या मुलीचं वजन किती आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

पुण्याचं फार दिवस जमलं नाही. एसटीत ती ओरडायला लागली की प्रवासी म्हणायचे, बाई, उतरा खाली, पोरीला काय डागण्या देता का? एकदा खरंच वाघोलीच्या पुढे उतरावं लागलं आणि भर उन्हात आम्ही दोघी लिंबाखाली पुढच्या गाडीची वाट बघत बसलो. ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, घराजवळ काही बघा. पायऱ्या किंवा उतार हवा. मधोमध पाणी तुमच्या छातीच्या वर नको. जागा शांत हवी आणि पाणी उन्हानं कोमट झालेलं हवं. विहिरीत यातलं काहीच नव्हतं. मी जेवताना हे घरात सांगितलं, तर आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, ‘मंग आपला हौद हाय की.’

गावाबाहेर माळावर सरकारनं पूर्वी मेंढरांसाठी हौद बांधला होता. हौद म्हणजे सिमेंटचा एक लांब, अरुंद चरच. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला चढ आणि मध्ये पाणी. त्या पाण्यात गोचिडाचं, खरजेचं औषध कालवायचं आणि कळप एका अंगानं घालून दुसऱ्या अंगानं बाहेर काढायचा. गावातली मेंढरं विकली गेली तसा हौद ओस पडला. आत बाभळीच्या शेंगा, दारूच्या बाटल्या आणि एक मेलेलं कुत्रं होतं.

‘विषाच्या हौदात घालता का पोरीला?’ मी आबांवर कडाडले. दुसऱ्या दिवसापासून ते हौदात उतरले. विटेच्या तुकड्यानं भिंती घासल्या, चुना मारला, पाणी भरून सोडून दिलं, परत भरलं, परत सोडलं. सगळं झाल्यावर मला हाताला धरल्यासारखं तिथं नेलं, ओंजळभर पाणी घेऊन माझ्यादेखत प्यायले आणि म्हणाले, ‘म्या मेलो तर भरू नका.’ आबा मेले नाहीत. मी ब्लाउजवर जुनी मॅक्सी चढवून पाण्यात उतरले.

विहीर तिघा भावांची. प्रत्येकाची मोटारीची पाळी ठरलेली. आमच्या पाळीचं पाणी आधी पाइपानं हौदात जायचं आणि आमचं झालं की तळाच्या भोकातून कांद्याला. थेंब वाया जात नसे, पण चुलतजावा बोलायच्याच. बाजारात आमच्या कांद्याला भाव बरा आला तर म्हणायच्या, ‘लेकीच्या अंगधुण्याचा गुण हाय.’ यात कुचकेपणा होता तसा थोडा लोभही होता. मी हसून घ्यायची. त्या दिवसांत मला हसू लवकर यायचं.

एका गोष्टीवरून माझं आणि आबांचं वाजलं. ताईचा एक नियम होता. मुलानं काठावर बसायचं, थांबायचं, आणि आपण ‘चल’ म्हटल्यावरच पाण्यात उतरायचं. ती म्हणायची, पाणी आवडणाऱ्या पोराला आधी थांबता आलं पाहिजे. मी रोज तसा प्रयत्न करायची. लेक काठावर थांबायची ती भिंतीवर डोकं आपटत. आबा बाभळीखालून बघत होते. एक दिवस उठून आले. ‘मेंढरू काठाला थांबलं की खेळ खलास बघ. मागचं त्याच्यावर चढतं, पाय मोडत्यात. त्याला थांबू द्यायचंच न्हाई. सरळ चालत आत.’ असं म्हणून त्यांनी धोतर खोचलं, पोरीकडे पाठ केली आणि एकदाही मागं वळून न बघता, तिला हाक न मारता, उतारावरून पाण्यात गेले. ती त्यांच्यामागून तशीच आत गेली. डोकं आपटलं नाही, ओरडली नाही. मी म्हटलं, आबा, ताईंनी थांबायला शिकवा म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, ‘हितं कुठं दर्या हाय, वाट चुकून जाईल म्हनाया?’ खरंच होतं. अख्ख्या शिवारात तिला उतरता येईल असं दुसरं पाणी नव्हतं. तीच सवय पडली. हौदात पाणी दिसलं की उतारावरून सरळ आत.

हौद अरुंद होता तेच तिला आवडलं असावं. दोन्ही हात दोन भिंतींना लावत ती मधोमध माझ्यापर्यंत यायची, वळायची, पाठ माझ्याकडे करायची आणि रेलायची. मी तिला धरून उभी राहायची. मला गाणं येत नाही, म्हणून मी पाढे म्हणायची. बेचा, तीनचा, चारचा. तिच्या पाठीतून माझ्या छातीला गुणगुण लागायची, पाढ्याच्या ठेक्यात. ताईला सांगितलं तर ती फोनवर ओरडलीच आनंदानं. आबा काठावर तंबाखू मळत म्हणायचे, ‘मास्तरीणबाई, पोरगी पास झाली का न्हाई?’ इकडून चढावर आलो, तिचा शेवटचा पाय पाण्याबाहेर पडला की ती माझ्या हातातून निसटायची आणि पुन्हा पहिल्यासारखी कुणाची नसायची. मला त्याचंही वाईट वाटत नव्हतं. उद्या पुन्हा हौद होताच. कधी पाळी नसायची तर परवा.

मग पाऊस गेला. एका वर्षी गेला, दुसऱ्याही वर्षी गेला. विहिरीनं तळ दाखवला, पाळ्या बंद पडल्या, गावात टँकर सुरू झाला. त्या काळात हौदाचा विषय घरात मी काढला नाही आणि कुणी काढलाही नाही. माणसं घसा ओला करायला धावत होती, तिथं कुठल्या तोंडानं बोलणार? लेकीला हे कसं समजवायचं? ती रोज कोरड्या हौदात जायची. उतारावरून खाली, भिंतींना हात लावत मधोमध, मग वर. फिरून पुन्हा उतारावर. मी तिच्यासाठी दौंडहून प्लॅस्टिकचा टब आणवला, त्यात खरकट्या-धुण्याचं पाणी गाळून ओतलं. ती त्यात बसली नाही. पुन्हा चावायला लागली. गुणगुणही थांबली. मी मधोमध उभी राहून तिला कोरड्या हौदातसुद्धा धरून बघितलं. तिनं माझा गाल ओरबाडला. दोन उन्हाळे मी माझ्या मुलीला एकदाही धरलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात आबांच्या भावकीतले लोक कळप घेऊन गावच्या माळावर उतरले. चारा नव्हता, मेंढरं हाडकली होती आणि खरूज पसरली होती. लोकर झडून कातडी लाल दिसत होती. जनावरांचा डॉक्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला, सगळी एकदम औषधातून काढल्याशिवाय हे थांबणार नाही. त्या लोकांनी वर्गणी काढून पाण्याचा टँकर आणला. गावातल्या बायका चिडल्या, माणसांना न्हाई आन् मेंढरांना पाणी! पण हौद पुन्हा भरला. आबांनी पटका काढला, धुऊन बांधला. मेंढरं विकल्यापासून त्यांना मी एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. सगळे त्यांना विचारत होते, आबा, औषध किती, आबा, आधी माद्या घालू का? मी शाळेत निघताना म्हटलं, ‘आबा, तिला कळलं तर ती तिकडं जाईल.’ ते म्हणाले, ‘म्हातारीला सांगितलंय. कडी लावून बसंल.’

सासूबाईंनी कडी लावली होती. लेक गोठ्याच्या कुडाच्या काटक्या वाकवून फटीतून गेली.

मी शाळेत होते. मुलांची परीक्षा चालली होती. आई शाळेत कशाला गेली होती, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. बाप कंपनीत कशाला गेला होता, असं त्याला कुणी विचारलं नाही. या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, इथंही देणार नाही.

पुढचं मला आबांनीच सांगितलं, शिरूरच्या दवाखान्यात, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून. मी विचारलं नव्हतं. ते सांगत गेले.

मेंढरं जाळीच्या वाघरीत कोंडलेली होती आणि मागून दोघे रेटत होते. धुरळा इतका की माणसाला माणूस दिसत नव्हतं. उतारावरून एकामागून एक मेंढरू पाण्यात जात होतं. औषधानं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं, वर फेस. आबा मधोमध काठावर उभे होते, हातात बेचक्याची लांब काठी घेऊन. गोचीड कानात आणि मानेत बसतो, म्हणून पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक मेंढराची मान त्या बेचक्यात धरून डोकं एकदा पाण्याखाली दाबायचं असतं. ते काम जाणत्याचं. म्हणून ते आबांकडे. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं, पण असल्या कामाला डोळे कशाला लागतात?

‘ती मेंढरामागं मेंढरू आली, पोरी,’ आबा म्हणाले. ‘म्होरल्याच्या पाठीवर हात ठिवून, वाकून. थांबली न्हाई. म्याच शिकिवलं हुतं न थांबायला. म्या मानंवर काठी टाकली. दाबलं.’ त्यांनी पंजा खाली दाबून दाखवला. मग म्हणाले, ‘मेंढरू दाबलं की उसळतं वर. हातालाच कळतं. ही उसळली न्हाई. वरडली न्हाई. गुमान खाली गेली. तवा कळलं मला, हे मेंढरू न्हवं.’

पाण्यात ती कधीच ओरडत नसे. पाण्यात तिला धरलेलं, हलवलेलं, टेकवलेलं सगळं चालायचं. ते मी शिकवलं होतं, किती प्रेमानं शिकवलं होतं.

आबांनी हौदात उडी टाकून तिला वर काढलं. टँकरमध्ये राहिलेलं पाणी तिच्यावर ओतलं. कुणाची तरी ट्रॅक्स जीप होती, ती घेऊन सगळे निघाले आणि वाटेत शाळेच्या दारात थांबले. मला काही सांगायच्या आधी त्यांनी मला गाडीत बसवलं, तिला माझ्या मांडीवर दिलं आणि गाडी सुटली.

तोंडाला फेस होता. श्वासात घरघर होती, सबंध अंगाला औषधाचा वास मारत होता. हातपाय लुळे. मान राहत नव्हती, म्हणून मी तिला छातीशी घेतलं आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत तेव्हा रस्त्याची पार चाळण झालेली होती. प्रत्येक खड्ड्याला तिचा गाल माझ्या मानेवर घासायचा. मी ड्रायव्हरला ओरडत होते, हाण, हाण लवकर. आणि त्याच वेळी, हे लिहायला मला लाज वाटते पण खोटं लिहिणार नाही, मला बरं वाटत होतं. दोन उन्हाळ्यांनंतर माझी लेक माझ्या अंगावर होती. तिच्या पाठीवरून मी हात फिरवत होते आणि ती फिरवू देत होती. मी तिच्या कपाळाचे मुके घेतले, डोळ्यांचे घेतले, औषधाची चव तोंडात आली तरी घेतले. तिला वाचव म्हणून मी देवाला हात जोडत होते, आणि शिरूरची घरं दिसायला लागली तेव्हा वाटलं, आलंच का इतक्यात. असल्या आईला काय म्हणतात, मला माहीत नाही.

दवाखान्यात तिला माझ्याकडून घेतलं. नर्सनं माझी साडी सोडायला लावली, मला साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, तोंड धुवायला लावलं. आत नळी घालून पोट धुतलं, इंजेक्शनामागून इंजेक्शनं दिली. नवरा दौंडहून कंपनीच्या कपड्यांतच आला. तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. आबांनी सगळं सांगून झाल्यावर पटका सोडला आणि तोंडावर धरला. मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं आणि त्यांच्या शेजारी बसावंसंही वाटलं. मी बसले. तेवढं मला त्या दिवशी करता आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला तिच्या खाटेशी बसू दिलं. एका हाताला सलाईन, तो पट्टीनं खाटेला बांधलेला. दुसरा हात मोकळा. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. ती काही म्हणत नव्हती म्हणून ठेवला होता, हे मला कळत होतं. तरी काढवत नव्हता. मग तिच्या पापण्या हलल्या. डोळे उघडून ती वर पंख्याकडे बघत राहिली. मी तिला हाक मारली. तिनं मोकळा हात वर आणला, माझ्या हातापर्यंत नेला आणि तो झटकून टाकला.

मी पुन्हा ठेवला. तिनं पुन्हा झटकला, या खेपेला नख लावून.

‘शाब्बास,’ मागून डॉक्टर म्हणाले. ‘झटकतेय म्हणजे ताकद आली. लक्षण चांगलं आहे, बाई.’ नर्स हसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं देवाला हात जोडले. आबा दारातच मोठ्यानं रडायला लागले. सासूबाईंनी पेढे आणायला माणूस धाडला. मीही हसत होते. नवऱ्यानं लांबूनच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ओळखलं तिनं मला.

घरी आणल्यावर अंघोळीची बादली बघून ती जी ओरडायला लागली ती बादली अंगणाबाहेर नेईपर्यंत. पुढे पाऊस परत आला, विहीर भरली, तरी तिला पाण्याजवळ नेता आलं नाही. पुण्याची ताई दोनदा स्वतः गावी येऊन गेली, भांड्यात बोट बुडवण्यापासून पुन्हा सुरुवात केली, वर्षभर चिकाटी धरली. जमलं नाही. लेकीला आम्ही ओल्या फडक्यानं पुसून काढतो, झोपेत. आबांनी हौदात मुरूम भरला, एकट्यानं, पाटीपाटीनं. कुणी मदतीला गेलं तर शिव्या द्यायचे. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणून आम्ही मागं लागलो. ते म्हणाले, आता कशाला? आणि ते न करताच गेले.

आता ती माझ्यापेक्षा उंच आहे. तिच्याजवळ जाताना मी बांगड्या मागं सारते, आवाज तिला आवडत नाही. जेवणाचं ताट तिच्यासमोर जमिनीवर ठेवते आणि तिच्या बापासारखी लांब जाऊन बसते. ट्रॅक्समधलं ते धरणं मी धरत नाही, तेव्हा ती शुद्धीत नव्हती. शुद्धीत असताना, आपण होऊन, तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं तो शेवटचा दिवस म्हणजे विहीर आटायच्या आधीची आमची एखादी पाळी असणार. त्या दिवशी मी कितीचा पाढा म्हटला, किती वेळ थांबले, की घाईत लवकर बाहेर आले, यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही.